अचानक लागलेली धाप जुन्या दुखण्याच्या खात्यावर टाकू नका

भोपाळमध्ये कुणाला धाप लागली की घरातलं उत्तर बहुधा तयार असतं. माणूस साठीच्या पुढचा असेल तर ‘त्यांना गॅसकांडापासूनच आहे ते’, पन्नाशीचा असेल तर ‘पोटात गॅस धरला असेल’, आणि बाई असेल तर ‘कामाचा शीण, दुसरं काय!’ मग आलं-लिंबाचा रस, ओव्याची फक्की, थोडं पडून राहणं, आणि सकाळी बघू. या ‘सकाळी बघू’मध्ये जे तास जातात त्यांची किंमत फार मोठी असते. अशोका गार्डन, पुष्पा नगर, सुभाष नगर या भागातल्या मराठी घरांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. यातल्या बऱ्याच घरांत आता दोघंच म्हातारी माणसं राहतात आणि मुलं पुण्याला किंवा बंगळूरला असतात. फोनवरून मुलांना आईचा आवाज कळतो, तिचा श्वास कळत नाही.

गॅसपीडितांचं आधी बोलू, कारण या शहरात ते टाळून पुढे जाता येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. तेव्हाच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड सरकारने गॅसबाधित ठरवले. छोला, जे. पी. नगर, काझी कॅम्प, चांदबड आणि रेल्वे स्टेशनच्या आसपासच्या वस्त्यांना सर्वात मोठा तडाखा बसला. त्यातून वाचलेल्या अनेकांची फुफ्फुसं कायमची दुखावली. बारीक श्वासनलिकांना व्रण पडले, चाळिशीतच जिना चढताना दम लागू लागला. हे खरं आहे आणि ते कुणी नाकारू नये. पण हे दुखणं वर्षानुवर्षं सोबत असलेलं, हळूहळू वाढणारं आहे. ज्या बाईला गेली दहा वर्षं दुसऱ्या मजल्यापर्यंत एकदा थांबून जावं लागतं, तिला या आठवड्यात स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागत असेल, तर त्याचं उत्तर १९८४ मध्ये शोधायचं नाही. काहीतरी नवं घडलं आहे. उलट फुफ्फुसं आधीच अधू असल्यामुळे तिच्यापाशी वेळ इतरांपेक्षा कमी आहे.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय झालंय?’ असा नसावा. ‘काय बदललं आणि कधीपासून?’ असा असावा. गेल्या महिन्यात भाजी घेऊन अस्सी फीट रोडवरून चालत येणारा माणूस आज रिक्षा करतो का? रात्री एका उशीवर झोपणारा तीन उश्या घेऊ लागला का? झोपल्यावर दोन तासांनी घुसमटून उठून खिडकीशी जाऊन बसतो का? अंघोळ केल्यावर कपडे घालायच्या आधी पलंगावर टेकावं लागतं का? डॉक्टरांना या उत्तरांचा फार उपयोग होतो. ‘थोडा दम लागतो’ एवढंच सांगितलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही.

घरात मोजता येण्यासारखी सर्वात कामाची गोष्ट म्हणजे श्वासांची संख्या. तिला यंत्र लागत नाही. माणूस शांत बसलेला असताना, ‘तुझा श्वास मोजतोय’ असं न सांगता, त्याच्या छातीकडे किंवा पोटाकडे बघा. नाडी बघण्याच्या निमित्ताने मनगट धरून बसलं तर तो अवघडतही नाही. घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंदांचे चारपट करू नका. बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. २५ च्या पुढे गेले तर त्याच दिवशी, त्याच वेळी डॉक्टर हवा. ३० ला पोचले तर वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही. सोबत त्याला एक वाक्य बोलायला लावा, ‘मी सकाळी चहा घेतला आणि मग पेपर वाचला’ एवढं साधं. मध्ये दोनदा श्वास घ्यायला थांबावं लागलं तर ती धाप गंभीर आहे.

करोनाच्या दिवसांत बहुतेक घरांत ऑक्सिमीटर आला आणि आजही तो कपाटात असतो. तो जरूर लावा, पण त्याच्या मर्यादा ओळखून लावा. बोट गार असेल, नखाला गडद रंग किंवा मेंदी असेल तर आकडा चुकतो. बोट चोळून गरम करा, हात टेकवून ठेवा, आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा. ९४ च्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोला, ९० च्या खाली असेल तर सरळ निघा. ज्यांना दीर्घकाळचा फुफ्फुसविकार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच ८८ ते ९२ च्या आसपास असू शकतो. म्हणून बरं असताना तो मोजून लिहून ठेवायला हवा. आणि आकडा ९८ आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. हृदयविकाराच्या झटक्यात, रक्त कमी असताना, साखरेच्या गुंतागुंतीत ऑक्सिजन उत्तम दिसूनही माणूस धोक्यात असतो.

आता हृदयाकडे वळू. छातीवर हात दाबून कोसळणारा माणूस आपण सिनेमात इतक्यांदा पाहिला आहे की छातीत दुखत नाही म्हणजे हृदय ठीक आहे असं गृहीत धरतो. मधुमेही माणसांत, वयस्कांत आणि स्त्रियांत झटका पुष्कळदा छातीत न दुखता येतो. नुसती धाप, अंगातून त्राण गेल्यासारखा थकवा, दरदरून घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ अवघडणं, एवढंच. मधुमेहामुळे नसा बोथट झालेल्या असतात, त्यामुळे दुखण्याची खबर पोचतच नाही. पन्नाशीपुढच्या मधुमेही माणसाला अचानक धाप आणि घाम आला तर ओव्याची फक्की देऊ नका, ईसीजी काढा. आणि पहिला ईसीजी सरळ आला म्हणून घरीही आणू नका. काही तासांच्या अंतराने ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी पुन्हा करावी लागते, तेव्हाच खात्री होते. गुठळी विरघळवण्यासाठी किंवा रक्तवाहिनी उघडण्यासाठी पहिले दोन-तीन तास सर्वात मोलाचे असतात.

हृदय हळूहळू कमजोर होतं तेव्हा धाप वेगळ्या तऱ्हेने येते. संध्याकाळी चपलेचा पट्टा घोट्याला रुततो. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून काढला की खळगा तसाच राहतो. तीन-चार दिवसांत वजन दोन किलोने वाढतं. ती चरबी नसते, साठलेलं पाणी असतं. आडवं झालं की ते पाणी फुफ्फुसांवर चढतं आणि माणूस उठून बसतो. तोंडातून गुलाबी फेस येऊ लागला तर एक मिनिटही घालवू नका. नाडीकडेही लक्ष असू द्या. ठोके भराभर आणि बेताल पडत असतील, मध्येच हुकत असतील, तर वृद्धांतल्या एकाएकी आलेल्या थकव्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

धाप लागली म्हणजे दुखणं फुफ्फुसातच असलं पाहिजे, असं नाही. याचा सर्वात मोठा धडा मराठी मुलखातूनच मिळाला आहे. कोकणात लाल विंचू चावल्यावर काही तासांनी माणसाला धाप लागे, तोंडाला फेस येई आणि तो दगावे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी अशा रुग्णांशेजारी बसून ताशी निरीक्षणं टिपली. विषाने हृदय आणि रक्तवाहिन्यांवर ताण येऊन फुफ्फुसांत पाणी भरतं, हे ओळखलं आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून मृत्यू कमी करून दाखवले. त्यांचं हे काम १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गावी शेतघर असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड होऊन मिटू लागल्या आणि श्वास अपुरा पडू लागला, तर तो मण्यारीचा दंश असू शकतो. व्रण दिसत नाही म्हणून तो नाकारू नका.

फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकणं हे कारण आपल्याकडे फार उशिरा सुचतं. गुडघ्याचं किंवा मांडीच्या हाडाचं ऑपरेशन, बाळंतपण, कर्करोग, आठवडाभर अंथरुणावर पडून राहणं किंवा तासन्‌तास पाय दुमडून केलेला बसचा, रेल्वेचा प्रवास, यानंतर पायाच्या शिरेत रक्त गोठतं आणि तिथून सुटलेला तुकडा फुफ्फुसात जातो. काल-परवापर्यंत ठीक असलेला माणूस एकदम धापा टाकतो, श्वास घेताना एका जागी टोचतं, कधी खोकल्यातून रक्त येतं, कधी क्षणभर शुद्ध हरपते. अशा वेळी पोटऱ्या बघा. गुडघ्याखाली दोन्ही पायांवर सारख्याच अंतरावर शिंप्याची टेप गुंडाळा. एक पोटरी दुसरीपेक्षा तीन सेंटीमीटरहून जास्त फुगलेली, गरम, दुखरी असेल तर शंका बळावते. त्या पायाला तेल लावून मालिश अजिबात करू नका, गुठळी सुटण्याचा धोका असतो. पोटरी सारखीच असली तरी शंका मिटत नाही. भोपाळहून झेलम एक्सप्रेसने पुण्याला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी दर तासा-दोन तासांनी उठून डब्यात चार पावलं चालावं, पाणी पीत राहावं. शौचालयात जायला नको म्हणून पाणीच न पिण्याची सवय प्रवासात महागात पडते.

बाळंतिणीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत काही स्त्रियांचं हृदय एकाएकी कमजोर होतं. आडवं झाल्यावर खोकला, पाय सुजणं, चार पावलांत दम, ही त्याची लक्षणं. घरातल्या सगळ्यांना तो जागरणाचा थकवा वाटतो. जागरणाने थकलेली बाई आडवी झाली की तिला बरं वाटतं. हिला आडवं झाल्यावर जास्त त्रास होतो. एवढा फरक दिसला तरी इको करून घ्यायला नेलं पाहिजे.

रक्त कमी असणं हे आपल्या घरांतलं सर्वात सामान्य कारण. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हळूहळू उतरलेल्या हिमोग्लोबिनची शरीराला सवय होते, आठवरही बाई घर चालवते आणि कुणाला काही कळत नाही. पण थकवा एकाएकी आला असेल तर रक्त कुठेतरी वाहतं आहे असं समजा. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने दुकानातून आणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठरात जखम करतात. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होतं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तो चिकटपणा आणि वास नसतो. हे विचारायला घरात संकोच वाटतो. सुनेने सासऱ्यांना नाही विचारलं तर मुलाने विचारावं, पण विचारावं.

न्यूमोनिया बहुतेकांना ओळखता येतो, मात्र सत्तरीपुढे ताप न येताही तो होतो. आजी जेवत नाही, असंबद्ध बोलते, श्वास भराभर चालतो, एवढंच दिसतं. दम्याचं आणि जुन्या खोकल्याचं दुखणं असलेल्यांना हिवाळ्यात आणि शेतकरी नरवाई (कापणीनंतरचे खुंट) जाळतात त्या दिवसांत त्रास उसळतो. त्यांच्या पंपात औषध शिल्लक आहे की नाही हे आधी बघून ठेवा. दम्याच्या माणसाची शिटी एकाएकी थांबली आणि तो मलूल झाला तर ते सुधारण्याचं लक्षण नसतं, हवा आत जाईनाशी झालेली असते. उंच, सडपातळ तरुणाला, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्याला, एका बाजूला सणक येऊन धाप लागली तर फुफ्फुस फाटून हवा छातीच्या पोकळीत शिरलेली असू शकते.

काही कारणं तर घरातच असतात. त्यातली दोन भोपाळमध्ये ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. पहिलं म्हणजे डिसेंबर-जानेवारीत बंद खोलीत शेगडी पेटवणं किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर लावणं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात, मग शुद्ध जाते. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असं होत असेल तर दुसरं कारण शोधू नका. दारं-खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. इथे ऑक्सिमीटर खोटा ९८ दाखवतो, कारण त्याला हे विषारी रक्त आणि चांगलं रक्त यांतला भेद कळत नाही.

दुसरं कारण गव्हाचं. उन्हाळ्यात वर्षभराचा शरबती गहू भरून ठेवायची इथली पद्धत, आणि कोठीत कीड लागू नये म्हणून काहीजण सल्फासच्या गोळ्या टाकतात. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो. शेजारच्या खोलीत झोपलेल्यांना उलट्या, छातीत आवळल्यासारखं होणं, धाप आणि कमालीची गळाठ येते. यावर उतारा नाही. तेव्हा कडुलिंबाचा वाळवलेला पाला आणि कडक ऊन यांवरच भागवा. डॉक्टरकडे गेल्यावर ‘घरात गव्हात गोळ्या ठेवल्या आहेत’ हे न विचारता सांगा. अन्नातून विषबाधा समजून उपचार सुरू झाले तर वेळ जातो.

मधुमेही उपासकऱ्यांनाही एक सूचना. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असताना नवरात्रासारखे सलग उपास केले, तर रक्तात आम्ल साठून खोल, भराभर श्वास, उलट्या आणि प्रचंड थकवा येऊ शकतो. साखर मोजली तर ती फारशी वाढलेली दिसत नाही आणि सगळे फसतात. उपासाआधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांचं ठरवा.

घाबरल्यानेही श्वास कोंडतो हे खरं. बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिरतात, जीव जातोय असं वाटतं. पण चाळिशीपुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल तर ‘टेन्शन आहे’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी, ईसीजी आणि तपासणीनंतर काढायचा. बायकांच्या बाबतीत तो सगळ्यात आधी काढला जातो, हे मला फार खुपतं.

प्रसंग आलाच तर काय करायचं? माणसाला आडवं करू नका. पाय खाली सोडून, पाठीला आधार देऊन बसवा, कपडे सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. पाणी, चहा, साखर-पाणी काही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. दम्याचा पंप आधीपासून लिहून दिलेला असेल तर तो द्या. ॲस्पिरिन हृदयविकारात उपयोगी असली तरी काळं शौच किंवा अर्धांगाची शंका असेल तर घातक आहे, म्हणून फोनवर विचारूनच द्या. ओठ निळे, भान कमी, छातीत दुखणं, बेशुद्धी, बोलता न येणं, यांपैकी काहीही असेल तर १०८ लावा. बोलताना घराच्या नावापेक्षा खूण सांगा, ‘प्रभात चौराहे से अंदर’ किंवा ‘अस्सी फीट रोड पर फलाने मंदिर के सामने’, आणि कुणाला तरी चौकात उभं करा, कारण आतल्या गल्ल्यांत गाडी चुकते. तिसऱ्या मजल्यावरून रुग्णाला चालत उतरवू नका. हत्याची खुर्ची घ्या, दोघांनी उचलून उतरवा. आजारी हृदयाला ते तीन जिनेही झेपत नाहीत.

हमीदिया किंवा साकेत नगरच्या एम्सकडे निघा, नाहीतर जवळच्या रुग्णालयात जा. खाजगी ठिकाणी जात असाल तर निघतानाच फोन करून ‘या वेळी ईसीजी आणि कॅथलॅब चालू आहे का’ हे विचारा. चालू औषधांच्या पट्ट्या, जुने ईसीजी, मधुमेहाची वही आणि गॅसपीडितांचं कार्ड एका पिशवीत आजच घालून ठेवा. गॅसपीडितांना भोपाळ मेमोरियल आणि गॅस राहतच्या रुग्णालयांत मोफत उपचार मिळतात, त्याला ते कार्ड लागतं. पण तिथेही सांगताना आधी ‘परवापासून वाढलंय’ हे सांगा, १९८४ चं त्यानंतर.

आणि घरी सोडताना हातात जो कागद मिळेल त्यावर धाप लागण्याचं कारण लिहिलेलं आहे का ते वाचा. ‘ब्रेथलेसनेस’ आणि ‘वीकनेस’ हे दोन शब्द तर तुम्ही जाताना सोबत घेऊन गेला होता. तेवढेच लिहिलेले असतील तर खुर्चीवरून उठण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘कशामुळे?’